थापटणारा हात

पोरगा सातवीत गेलेला असतो. नाकाखाली लव दिसू लागलेली असते, मोबाइलमधलं त्याला बापापेक्षा जास्त कळत असतं, आणि तरीही झोपायची वेळ झाली की "बाबा, या ना" किंवा "आई, चल ना" झाल्याशिवाय त्या घरातला दिवा बंद होत नाही. तुमच्या-आमच्या किती घरांत हे चालतं! आणि पाहुण्यांसमोर आपण हसत हसत सांगतो, "आमचं पिल्लू अजून एकटं झोपत नाही हो." सांगण्याचा सूर तक्रारीचा असतो, पण आत आपण मिरवत असतो.

हिरामण भोये असाच मिरवायचा. नाशिकला पेठ रोडवर त्याचा स्वतःचा फ्लॅट, सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी, बायको सरिता एका शाळेत शिक्षिका, आणि एकुलता एक मुलगा तेजस. तेजससाठी वेगळी खोली होती. गंगापूर रोडच्या दुकानातून घासाघीस करून आणलेला पलंग होता, डोक्याशी चिकटवलेल्या चांदण्या होत्या. त्या पलंगावर तेजसच्या शेजारी रोज हिरामण आडवा व्हायचा, त्याच्या दंडावर थापटत राहायचा, आणि बहुतेक वेळा तिथेच सकाळ करायचा. थापटताना त्याचं एक ठरलेलं वाक्य असे. "झोप बाळा, मी आहे. मी तुला सोडून कुठे जाणार नाही."

हे वाक्य तो जरा मोठ्यानेच म्हणे. भिंतीच्या पलीकडे हॉलमध्ये त्याच्या आईची, सावित्रीबाईंची खाट होती. नवरा बुधा वारल्यावर त्या डोंगरातलं घर बंद करून मुलाकडे आल्या होत्या. त्यांना ते वाक्य रोज ऐकू जायचं. त्या कूस बदलायच्या.

हिरामणचं लहानपण पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचं. भात कापून झालं की आईबाप द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचे, ते शिमग्यालाच परत यायचे. पोराला कुठे ठेवायचं? सहाव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत घातलं. लांबलचक हॉल, ओळीने पत्र्याच्या पेट्या, आणि घोंगडीत तोंड खुपसून रडणारा हिरामण. कुणी जवळ आलं नाही. ते रडणं त्याने जपून ठेवलं. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला, आणि दवाखान्यातच त्याने मनाशी ठरवलं की माझं पोर एक रात्रही एकटं झोपणार नाही.

ठरवलं ते त्याने पाळलं. इथवर कुणी त्याला नावं ठेवणार नाही. पण पाळण्यातलं बाळ आणि खो-खोच्या संघातला मुलगा यांत फरक असतो, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. सरिताने सांगून पाहिलं. अहो, तो मोठा झालाय, आता दार अर्धं उघडं ठेवू, थोडी थोडी सवय लावू, असं ती म्हणाली. त्यावर हिरामणने तिला ऐकवलं की तुझं बालपण आईच्या कुशीत गेलं, तुला हे कळायचं नाही. ती गप्प बसली. बायकोला गप्प बसवणं सोपं असतं, आणि आपण जिंकलो असं वाटायला तेवढं पुरतं.

खुद्द तेजसनेही एकदा प्रयत्न केला होता. "बाबा, आज मी एकटा झोपून बघतो," असं तो म्हणाला, तेव्हा हिरामणचा चेहरा असा पडला की पोर घाबरलंच. "का रे? बाबा नकोसा झाला का?" असं बापाने विचारलं. तेजस भिंतीकडे सरकला आणि त्याने बापासाठी जागा केली. बापाला वाटलं, पोराला आपल्याशिवाय करमत नाही. बारा वर्षांचं पोर बापाचं मन सांभाळत होतं, आणि बाप स्वतःला सांभाळणारा समजत होता.

त्या वर्षी तेजसच्या शाळेचा खो-खोचा संघ राज्य स्पर्धेला निघाला. तेजस संघात होता. त्याचे गुडघे सदा सोललेले, कोपरावर खपल्या, आणि तोंडात खांब, सूर आणि खो याशिवाय दुसरा विषय नाही. स्पर्धेआधी त्र्यंबक रोडच्या बाजूला एका वसतिगृहात निवासी शिबिर होतं. अमित सरांनी पालकांना स्पष्ट सांगितलं होतं की शिबिर अर्धवट सोडणाऱ्याला संघात जागा नाही. हिरामणने नाइलाजाने सही केली. मुलाची बॅग भरताना तो एकेका कपड्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होता, आणि मुलगा आनंदाने शीळ घालत होता. ती शीळसुद्धा त्याच्या मनाला लागली.

पहिल्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर सरांनी मुलांना घरी एकेक फोन करू दिला. तेजस म्हणाला, "बाबा, मस्त आहे इथं. फक्त झोप येत नाहीये, पण..."

हिरामणने पुढचं ऐकलंच नाही. "रडू नकोस, मी आलो," म्हणत त्याने फोन ठेवला आणि मोटरसायकलची किल्ली उचलली. सरिता आडवी आली. तो रडत नाहीये, मी पण ऐकलं, असं ती परोपरीने सांगत राहिली. सावित्रीबाईसुद्धा खाटेवरून उठून "नको जाऊ रे" म्हणाल्या. त्यांच्याकडे तर त्याने पाहिलंही नाही.

वसतिगृहात मुलं गाद्या घालून गप्पा मारत होती. तेजस मधोमध बसून कसलासा किस्सा सांगत होता आणि सगळे हसत होते. बापाला दारात पाहून त्याचं हसू जागच्या जागी विझलं. अमित सरांनी समजावलं की पहिल्या रात्री सगळ्यांचंच असं होतं, राहू द्या त्याला. तर हिरामण सगळ्या पोरांदेखत म्हणाला, "नाही सर, याला एकट्याने झोपता येत नाही. मी रोज थापटतो तेव्हा हा झोपतो."

मागच्या गादीवरून कुणीतरी फिसकन हसलं. तेजसने बॅग उचलली. घरी येईपर्यंत तो मागच्या सीटवर बापाला न धरता बसला होता. हिरामणला मात्र आपण मोठी मोहीम फत्ते करून पोराला सोडवून आणलं असं वाटत होतं. काय म्हणावं या प्रेमाला!

तेजसची संघातली जागा राखीव खेळाडूला मिळाली. संघ स्पर्धेला गेला, बक्षीस घेऊन आला, शाळेच्या फळ्यावर नावं लागली. तेजसचं नाव तिथे नव्हतं. त्याला दुसरं नाव मिळालं होतं. तो वर्गात शिरला की पोरं आपापल्या दंडावर थापटायची आणि "थापट्या आला" म्हणायची. हे सरिताला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. मुलाने घरी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. त्याने खो-खोचे बूट पलंगाखाली अगदी आत सारून ठेवले होते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सावित्रीबाई सूप घेऊन नागली पाखडत बसल्या होत्या. सरिताने रडत रडत सगळं सांगितलं. हिरामण ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला लाज वाटण्याऐवजी राग आला. सावित्रीबाई हलक्या आवाजात एवढंच म्हणाल्या की पोराला तिथं राहू द्यायला हवं होतं. झालं! इतकी वर्षं साठवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"तू मला शिकवू नकोस, आई. तू तर मला टाकून गेली होतीस."

सुपाचा आवाज थांबला. सरिताने पदर तोंडाला लावला. सावित्रीबाईंनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि मुलाकडे सरळ पाहिलं.

"बरं झालं, आज तोंडावर बोललास. इतके दिस भिंतीआडून बोलत हुतास."

"मी कधी बोललो?"

"रोज. 'मी तुला सोडून जाणार नाय.' त्या पोराला कोण सोडून गेलंय, म्हणून त्याला ते रोज सांगायचं? ते तू मला सांगतो. पोर नुस्तं मधी असतं."

म्हातारी पुढे बोलत राहिली. आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता.

"सहा वर्साच्या पोराला मी सोडून गेले, ते माझं पाप हाय. बागेत ताडपत्रीखाली तुला ठेवायला जागा नव्हती, पोटाला पण नव्हतं, तरी ते पाप माझंच. मी नाय म्हणत नाय. पण बारा वर्साच्या पोराला तू धरून ठेवलं, ते माझ्या पापात घालू नको. ते तुझं हाय."

मग त्यांनी त्याला एक आठवण करून दिली. दुसऱ्या वर्षी शिमग्याला त्या त्याला न्यायला आश्रमशाळेत गेल्या, तर हा म्हणाला होता, आई, तू परवा ये, आमचा विटीदांडूचा डाव राहिलाय. "मी पायरीवर बसून लय रडले. पोरगं माझ्याबगर मोठं झालं म्हणून रडले, आन झालं म्हणून बरं पण वाटलं. ते तुला आठवत नाय. रडलेलं तेवढं आठवतं. दुसरं आठवलं तर राग कुणावर काढशील?"

हिरामण भिंतीला टेकून खाली बसला. खरंच आठवलं त्याला! चिंचेची विटी, धुळीत खणलेली गल, आणि दारात पिशवी घेऊन उभी असलेली आई, जिच्याकडे त्याने घाईघाईत पाहिलं होतं आणि परत खेळायला पळाला होता. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या रडण्याची पूजा मांडली होती आणि त्या पूजेला पोराला बसवलं होतं. माझं दुखतं म्हणून मी त्याला थापटत राहिलो, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

तो उठून तेजसच्या खोलीत गेला. पोर अंथरूण घालत होतं. हिरामणने त्याची माफी मागितली. मी चुकलो, तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी फोनवर तू पुढे काय सांगणार होतास?"

तेजसने उशी सारखी केली. "सर म्हणाले होते, पहिल्या दिवशी झोप नाही येत, थोड्या वेळाने येते. मी म्हणणार होतो, 'पण तुम्ही काळजी करू नका.'"

हिरामण म्हणाला, "उद्यापासून तू एकटा झोप, बाळा. दार आपण अर्धं उघडं..."

"आजपासूनच झोपतोय," तेजस म्हणाला. त्याने बापाची उशी उचलून बापाच्या हातात दिली, त्याला बाहेर जाऊ दिलं, आणि दार लावून आतून कडी घातली.

हिरामण ती उशी घेऊन बंद दारासमोर उभा राहिला. आत दिवा चालू होता. पलंग कुरकुरला, मग हुंदका दाबल्याचा आवाज आला. त्याचा हात दारावर गेला.

"हिरामन," खाटेवरून सावित्रीबाई म्हणाल्या, "हितं बस."

तो खाटेच्या पायथ्याशी बसला. मग त्या अंधारात सांगू लागल्या, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत असाव्यात. तुला शाळेत सोडलं त्या दिवशी बस चुकली असं मी तुझ्या बापाला खोटंच सांगितलं होतं. शाळेच्या त्या हॉलच्या मागं, भिंतीला लागून बसून होते. "तुझं रडणं सारं ऐकलं. आत नाय आले. आत आले असते तर तुला परत घेऊन गेले असते. तू गप झालास, मग उठले."

हिरामणने आईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारीचा हात त्याच्या केसांपर्यंत आला, आणि मग तिने तो परत घेतला. खोलीतला दिवा बंद झाल्याचं दोघांनी पाहिलं.

तेजस आता एकटा झोपतो. सरिताला हवं होतं ते झालं असं कुणी म्हणेल, पण ते तसं झालं नाही. ते शिकणं बापाचा हात हळूहळू सुटत, दार अर्धं उघडं ठेवून, हसत व्हायचं होतं. ते पोराने रागाने, एकट्याने शिकून घेतलं. मुलगा बापाशी नीट बोलतो, विचारलं तेवढं सांगतो. खो-खोला तो परत गेला नाही. बूट अजून पलंगाखालीच आहेत.

वाचकहो, आपल्या लहानपणी जे आपल्याला मिळालं नाही, ते मुलांना द्यावं. जरूर द्यावं. पण आपल्या जुन्या दुखण्याचं औषध मुलांना पाजू नये. मूल मोठं होतं, ते होणारच. त्याला रात्रीची कडी घालायला आपण शिकवलं, तर सकाळी ती तो आपल्यासाठी उघडतो. आपण शिकवलं नाही तर एक दिवस तो ती आपल्यावरच घालतो.

हिरामण अजूनही रात्री पाणी प्यायला उठतो आणि त्या दारापाशी थांबतो. आतून काही ऐकू येत नाही. मग तो आपल्या खोलीत जाऊन झोपतो.