बिरोबानगरचे सहाशे चाळीस मीटर

मी चाक आहे, पण माझ्यावर बसून कधी कुणी कुठे गेलं नाही. मी अंतर मोजतो. माझा लांब दांडा हातात धरून माणूस चालू लागला की मी त्याच्यापुढे जमिनीवरून फिरतो. एक फेरा म्हणजे एक मीटर. दर फेऱ्याला 'टक' असा आवाज होतो आणि वरच्या डबीतला आकडा एकाने वाढतो. मला दुसरं काही येत नाही.

पुण्याकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. पहिला मालक बारामतीचा ठेकेदार. तो केबलसाठी रस्त्याकडेला चर खणायचा आणि मी चर मोजायचो. पुढे त्याने धंदा बदलला आणि मी दोन वर्षं गोणपाटाखाली पडून राहिलो. एका कोळ्याने माझ्या आऱ्यांमध्ये जाळंसुद्धा विणलं होतं.

तिथून मला केयूर साहेबांनी नेलं. त्यांच्या संस्थेकडे एक पाहणी आली होती. बारामती आणि इंदापूरच्या वस्त्यांमध्ये माणसाला पायी चालता येतं का, ते मोजायचं होतं. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "डॉक्टर सगळ्यांना सांगतात, चाला. पण चालायचं कुठून, ते कुणी बघत नाही. आपण बघायचं." प्रत्येक रस्त्याला शंभरपैकी गुण होते. ज्या पाच रस्त्यांना सगळ्यात कमी गुण पडतील, तिथे आधी पदपथ होणार होता.

मला चालवायला सुकन्या होती. शेळगावची मुलगी, बोलायला कमी. मी जिथे अडलो तिथे ती थांबायची आणि मोबाईलमधल्या फॉर्मवर 'अडथळा' लिहायची. उघडं गटार, आडवी लावलेली गाडी, रस्त्यात आलेली दुकानाची पायरी. सावली आहे का, रात्री दिवा लागतो का, म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा आहे का, हेही विचारलेलं असायचं.

त्या दिवसांत माणसं जवळून पाहिली. एक गृहस्थ रोज सकाळी बागेत फेऱ्या मारायला जायचे, पण बागेपर्यंत मोटारसायकलवर. सुकन्याने विचारलं तर म्हणाले, "बाई, रस्त्यानं चालून मरायचंय का मला?" ते ऐकून ती हसली होती.

एकदा चहावाल्याने सांगितलं म्हणून तिने लिहिलं, 'संध्याकाळी इथे ट्रक लागतात.' साहेबांनी ते खोडलं. "डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं लिहिलंस तर उद्या लोक म्हणतील, ओळखीच्या वस्तीला झुकतं माप दिलं." सुकन्याची मान खाली गेली. हे वाक्य तिने मनात घट्ट धरून ठेवलं.

मग इंदापूरच्या कडेला असलेलं बिरोबानगर आलं. तिथे तिची मावशी राहायची, बानूबाई. जन्मभर मेंढरांमागे चाललेली बाई. दर साली कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाआधी परतायची. मेंढरं विकल्यावर ती घरात बसली आणि बसल्या जागी तिला साखरेचा आजार झाला. तळपायांना काही कळेनासं झालं. सरकारी दवाखान्यातल्या आसावरी डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "आजी, रोज चाला. नाहीतर पाय गमवाल. आणि पायाला साधा ओरखडासुद्धा येऊ देऊ नका."

बानूबाईच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकच वाट होती. तिच्या कडेला गटार, गटारावर फुटक्या फरश्या. म्हस्कू तात्यांचं वेल्डिंगचं दुकान अर्ध्या वाटेवर पसरलेलं. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या तिथेच रांगेने उभ्या राहायच्या. पदपथाची गरज कुणाला असेल तर या वाटेला होती. सुकन्याने आनंदाने मावशीला फोन केला, "सोमवारी येते तुमचा रस्ता मोजायला."

तिथेच चूक झाली.

सोमवारी आम्ही पोचलो तर ती वाट ओळखू येईना. झाडून काढलेली, वर सडा मारलेला. फुटक्या फरश्यांवर फळ्या टाकून त्यावर रांगोळी काढलेली. ट्रॉल्या माळावर नेऊन लावलेल्या. तात्यांनी लोखंडी फाटकं, पाइप, सगळं दुकानात कोंबलं होतं आणि स्वतःला उभं राहायला जागा नाही म्हणून ते उन्हात उभे होते.

"मावशी, हे काय केलंत?" सुकन्या दचकून म्हणाली.

"का? पावनं यायचं म्हणल्यावर घाण दावायची व्हय त्यास्नी?" बानूबाईने कमरेचा पदर सोडला. "पहाटंपासनं झाडतीया. कंबर ऱ्हायली न्हाय बग."

तात्या म्हणाले, "तुजी मावशी म्हंजे पोलीस हाय. माजं फाटक उचलाया लावलं, वर म्हणती, तू बी जरा आत सरक!"

"पण मला रोजच्यासारखा रस्ता पाहिजे होता, तात्या."

"रोजच्यासारखा कशाला? रोज काय तू येतीस?"

सगळे हसले. सुकन्याला हसू आलं नाही. तिने बाजूला होऊन साहेबांना फोन लावला. "सर, लोकांनी रस्ता साफ केलाय. एरवी असा नसतो. परत येऊ का, न सांगता?"

"एका रस्त्याला एकच फेरी, सुकन्या. आज दिसतंय ते लिही. तिथे तुझे नातेवाईक आहेत ना? मग तर जास्तच जपून."

तिने फोन ठेवला आणि माझा दांडा हातात घेतला. मग आम्ही निघालो. टक, टक, टक. मी कुठेच अडलो नाही. सहाशे चाळीस मीटर, अडथळे शून्य. मी अंतर बरोबर मोजलं होतं आणि तरी ते सगळं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्या ज्यांच्या त्यांनी नेल्या. फाटकं बाहेर आली, ट्रॉल्या परतल्या. महिन्याने यादी लागली. बिरोबानगरला एक्क्याऐंशी गुण, वरून दुसरा नंबर. पदपथ दुसरीकडे गेला.

बानूबाई मात्र डॉक्टरांचं ऐकून रोज चालत राहिली. मार्गशीर्षात एका सकाळी उसाच्या ट्रॉलीला वाट देताना ती गटाराकडे सरकली आणि फरशीच्या फटीत तिचा पाय गेला. अंगठ्याला कापलं. तिला कळलंच नाही. चार दिवसांनी वास आला तेव्हा सुनेने पाहिलं. आसावरी डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी अर्धं पाऊल काढावं लागलं.

ते कळल्यावर सुकन्या मला घेऊन एकटीच तिथे गेली, कुणाला न सांगता. त्याच सहाशे चाळीस मीटरमध्ये मी एकोणीस वेळा अडलो. तिने ते कागदावर लिहून साहेबांना दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "फॉर्म बंद झालाय गं. आता काही घेता येत नाही." कागद त्यांनी फाडला नाही. खणात ठेवला.

सुकन्या मावशीच्या घरी गेली तेव्हा मी तिच्या हातातच होतो. बानूबाई खाटेवर बसली होती, पाय उशीवर.

"आलीस? ह्यो आलाय का चाकवाला बी?" ती माझ्याकडे बघून हसली. "सुकन्या, आपला रस्ता पास झाला म्हणं. दुसरा नंबर. खरं हाय का?"

सुकन्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं.

"सांग की पोरी. ऐंशीच्या वर मार्क हायत न्हवं? समद्यास्नी सांगितलंय मी."

"व्हय, मावशी," सुकन्या म्हणाली आणि पाणी आणते म्हणून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

त्यानंतर तिने हे काम सोडलं. आता मी संस्थेच्या खोलीत दाराआड उभा आहे. बानूबाई घराबाहेर पडत नाही. पुढच्या महिन्यात बारामतीच्या आणखी काही वस्त्या मोजायच्या आहेत, तेव्हा कुणीतरी नवं माणूस माझा दांडा धरेल आणि डबीतला आकडा पुसून शून्य करेल.

मी तुमच्या दारी आलो तर माझी एकच विनंती आहे. पाहुणा समजून मला वाट करून देऊ नका. तुमच्या घरची म्हातारी माणसं जिथे अडतात, तिथे मलाही अडू द्या.