नाझारियाची फिर्याद

१९६४ साल. कुस्कोच्या वरच्या डोंगरात बटाटे काढायचे दिवस होते आणि विधवा नाझारियाच्या शेताकडे एकही माणूस फिरकला नव्हता. आणखी आठवडा गेला असता, तर वर्षाचं अन्न अळीनं खाल्लं असतं. म्हणून दुखरे गुडघे ओढत ती चार तास डोंगर उतरली आणि कचेरीत दिरावर फिर्याद केली, की मेल्चोरनं मला वाक्चा केलं.

वाक्चा म्हणजे गरीब, एवढं कारकुनाला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, मेंढ्या नेल्या का? नाही. जमीन बळकावली? तीही नाही.

"मग आजी, गरीब कसं केलं?"

"माझ्या हाकेला कोणी येत नाही, साहेब."

डोंगरात वाक्चा म्हणतात ते यालाच, मग दारात शंभर मेंढ्या का असेनात. कारकुनानं 'नुकसान नाही' असं लिहून कागद मिटला.

परतीच्या चढावर ती दर वळणाला बसली. बसलं की आठवायचं. पेरणीला मेल्चोर दोन्ही मुलांना घेऊन सावडीला आला होता. फेडीला तिनं त्याच्या शेतात जायचं, हा रिवाज. पण गुडघे धरले होते आणि लिमा शहरातून लेकानं, विदालनं, पैसे पाठवले होते. तिनं नाणी फडक्यात बांधून दिराकडे धाडली. तो गावात सांगत सुटला, की वहिनी आता मालकीण झाली, मजूर लावते. त्यानं तिला गावापासून तोडलं होतं खरं, पण सुरुवात तिच्या त्या फडक्यानं केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्चोरच्या शेतात काढणी होती. ती न बोलावता गेली, बांधावर बसली आणि बटाटे निवडू लागली.

"काय वहिनी, आज नाण्यांना सुटी?"

"नाण्यांना हात नसतात, भावोजी."

मेल्चोरनं भरलेली टोपली तिच्यापुढे सरकवली.

तिसऱ्या दिवशी तिच्या शेतात नऊ जण होते. थोडे बटाटे किडले होते, बाकीचे वाचले.

मेल्चोर चार वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या मुलांनी सावड मोडली नाही. कारकून बदलून कुठं गेला, कोणी विचारलं नाही. नाझारिया पुष्कळ जगली, शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या बांधावर बसून बटाटे निवडत. तिला पुरायला सगळा गाव आला. विदाल लिमातच वारला. भाड्याच्या खोलीत होता, शेजाऱ्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. पैसे मात्र तो दर महिन्याला पाठवत असे.