मासे दबकतात

लालासाहेबाचं तोंड उघडायच्या आधी त्याचा हात चालायचा. नेव्हीतली नोकरी संपवून तो तासगावजवळच्या मळ्यात परत आला आणि पहिल्याच महिन्यात त्यानं एसटीच्या कंडक्टरचं नाक फोडलं, एका बैलाचं शिंग मोडलं आणि बायकोचा, विजयमालेचा, पुढचा दात पाडला. कंडक्टरसाठी पंच बसले, बैलासाठी डॉक्टर आला. दाताचं कुणी काही विचारलं नाही. विजयमालेनं तो उंबऱ्याबाहेर फेकला आणि पदर तोंडाशी धरून भाकरी थापायला बसली.

मग त्यानं घरात समुद्र आणला.

एकाहत्तरच्या लढाईच्या आधी कुठल्याशा बेटाजवळ त्यानं नितळ पाण्याखाली प्रवाळ बघितलं होतं म्हणे, आणि ते काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. माणसाला खूळ लागायला तेवढं पुरतं. सोप्यात दिवाणाएवढी काचेची पेटी बसली. रत्नागिरीला गूळ घेऊन जाणाऱ्या लॉरीवरून परतीला कॅनमधनं समुद्राचं पाणी आलं. मालवणच्या कोळ्यांकडून प्रवाळाचे जिवंत दगड आले, फुलासारखे उमलणारे जीव आले, शंखात राहणारे खेकडे आले, निळे-पिवळे मासे आले. वर ट्यूबलाइट, खाली हवेचा पंप. बघायला सगळा गाव लोटला आणि यातलं खायचं काय काय, एवढंच विचारून गेला.

पण घरात वेगळीच गोष्ट घडली. काचेवर टिचकी वाजली तरी मासे दगडाआड पळतात हे लालासाहेबाच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवसापासून मोठ्यानं बोलणं बंद झालं. "हळू. मासं दबकत्यात," एवढंच तो म्हणायचा. दार आपटायचं नाही, भांडं आदळायचं नाही. ज्याच्या खाकरण्यानं कुत्री पळायची तो गडी स्वतःच्या घरात चवड्यावर चालायला लागला. वर्ष झालं, विजयमालेच्या अंगाला बोट लागलं नव्हतं. पेटीजवळून जाताना ती मनातल्या मनात हात जोडायची. हे जगले तर आपली हाडं शाबूत, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

आणि पेटीला शेवाळ लागलं.

आधी एका दगडावर हिरवे केस उगवले. लालासाहेबानं ते चिमटीनं उपटले, तर चार दिवसांत शेजारचे दगडही केसाळ झाले. मागोमाग तांबडा चिकट थर आला आणि प्रवाळाच्या तोंडावर पसरत चालला. तो दात घासायच्या ब्रशनं दगड खरवडायचा, रबरी नळीनं घाण ओढून काढायचा, ट्यूब दिवस दिवस बंद ठेवायचा. थर परत यायचा.

"पाण्यात कुणीतरी कायतरी टाकतंय," तो दात आवळून म्हणाला.

टाकत होती त्याची आई. रंगूबाईनं जन्मभर कृष्णेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या चारल्या होत्या. आता मासे सोप्यातच आल्यावर म्हातारीचा हात कसा राहणार? लालासाहेब मळ्यात गेला, की ती पेटीत गोळ्या सोडायची. मासे दोन खायचे, बाकीच्या तळाशी कुजायच्या आणि शेवाळ त्यावर पोसायचं.

"आवं आत्याबाई, नका टाकू. पाणी नासतंय," विजयमाला काकुळतीला यायची.

"मुक्या जिवाला चारल्यानं कवा पाप लागलंय का?" रंगूबाई म्हणायची आणि पदराला बोटं पुसायची.

त्यात एका दगडाच्या भोकातून नको तो पाहुणा आला. कोळंबीच्या जातीचा, पण वीतभर लांब, नाकतोड्यासारखा, डोळे देठावर, आणि छातीशी दुमडलेले दोन सोटे. दगडाआडून टक्‌ असा आवाज यायचा, की समजायचं एक शंख फुटला. खेकडे एकेक करून जायला लागले. मग एका निळ्या माशाचं नुसतं शेपूट तरंगताना दिसलं, आणि त्यामागोमाग दोन पिवळे सोडून बाकीचे मासेही गेले. लालासाहेब तार वाकवून, मटणाचा तुकडा बांधून पेटीपुढं तासन्‌तास बसायला लागला. त्याच्या मानेची शीर अशी ताठलेली असायची, की विजयमाला चुलीत फुंकरही हळूच घालायची.

एका सकाळी त्यानं त्या भोकात हातच घातला. टक्‌ वाजलं. हात बाहेर आला तेव्हा अंगठा नखापासून उभा फाटला होता आणि रक्ताची धार पाण्यात उतरत होती. विजयमाला फडकं घेऊन धावली. त्यानं फडकं घेतलं नाही. त्याच रक्ताळलेल्या मुठीनं त्यानं तिच्या कानाखाली मारलं, ती खाली पडली तेव्हा बरगडीत लाथ घातली, आणि हे सगळं तोंडातून आवाज न काढता. तिनंही आवाज केला नाही. मासे दबकतील ही धास्ती तिच्या अंगात इतकी मुरली होती.

"कणीक तूच टाकतीस," तळाच्या गोळ्यांकडं बोट करून तो कुजबुजला. रंगूबाई दारात उभी होती. तिनं पदराला बोटं पुसली.

दुसऱ्या दिवशी तो ताजं पाणी आणायला लॉरीबरोबर रत्नागिरीला गेला. विजयमालेला श्वास घेताना बरगडी टोचत होती. तो परत यायच्या आत पेटी लख्ख झाली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि उपाय तर घरातच होता. द्राक्षबागेवर फवारायला आणलेला मोरचूद खोपटात पडून होता, निळाशार. तिच्या माहेरी जनावरांच्या हौदाला शेवाळ आलं की मोरचुदाची पुरचुंडी पाण्यात फिरवायचे, आणि दोन दिवसांत हौदाचा तळ दिसायचा. तिनं चांगली मूठभर पुरचुंडी बांधली आणि पेटीत फिरवली. पाण्याला निळी झाक आली, विरली.

दुसऱ्या सकाळपर्यंत शेवाळ खरोखरच मेलं. हिरवे केस पांढरे पडले, तांबडा थर सुटून वर आला. विजयमालेला इतका आनंद झाला की तिनं म्हातारीला हाक मारून दाखवलं.

पण दुपारी फुलं मिटली ती उघडेनात. प्रवाळावरचं मांस शिजल्यासारखं गळायला लागलं. उरलेले खेकडे शंखातून बाहेर पडून उताणे झाले. शेवटी तोही बाहेर आला, दोन सोटेवाला. भर उजेडात, झिंगल्यासारखा. त्यानं काचेवर टक्‌, टक्‌ असे दणके दिले, आणि कुशीवर पडून पाय झाडत मेला. विजयमालेनं ते सगळं बघितलं. आपण काय केलं हे तिला तो मरायच्या आधीच कळलं होतं. पेटीत दोन पिवळे मासे तेवढे फिरत होते.

लालासाहेब आला. कॅन ओट्यावर ठेवले, आत आला, आणि पेटीपुढं उभा राहिला.

"काय घातलंस?"

"मोरचूद."

"मोरचूद म्हंजी तांबं," तो हळू म्हणाला. "तांब्यानं समुद्रातलं फूल जगत न्हाई, खेकडा जगत न्हाई. मासं तेवढं तग धरत्यात." त्यानं कमरेचा नेव्हीचा पट्टा सोडला, बक्कल बाहेर राहील असा मुठीला गुंडाळला आणि हात वर नेला. तिनं डोळे मिटले. पट्टा आला नाही. डोळे उघडून बघते तर हात वर तसाच, आणि त्याची नजर त्या दोन माशांवर.

"भाईर चल," तो कुजबुजला. "हितं नगं. मासं दबकत्यात."

विजयमालेला बरगडीतली कळ त्या एका शब्दानं डोक्यापर्यंत गेल्यासारखी वाटली. वर्षभर ती समजत होती की ह्या माणसाचा राग निवला. राग जागच्या जागी होता. फक्त माशांची झोप त्याला मोडायची नव्हती. तिला लाज वाटली, मग संताप आला. दाराआड पहार होती. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि काचेत घातली.

सगळा समुद्र सोप्यात आला. दगड, मेलेले खेकडे, काचा, सगळं त्याच्या पायांवर आदळलं.

"आता हितंच मार," ती म्हणाली.

लालासाहेब पट्टा टाकून काचांत गुडघ्यांवर बसला. तडफडणारे मासे त्याच्या ओंजळीतून निसटत होते, तळवे चिरत होते. "पाणी आण!" तो ओरडला. वर्षभरात त्या घरात पहिल्यांदा कुणी ओरडलं.

विजयमाला आत गेली. मांडणीवर तांब्याची घागर होती, तिला तिनं हात लावला नाही. मातीची घेतली, ओट्यावरच्या कॅनमधलं ताजं पाणी तीत ओतलं, आणि दोन्ही मासे उचलून आत सोडले. मग घागर कमरेवर घेतली.

"लालासाहेब," ती म्हणाली. लग्नानंतर तिनं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतलं होतं. "आजपासनं हात उचललास, तर ही घागर वतून टाकीन. मी माह्यारी चाललीया."

रंगूबाई बघतच राहिली. सून नवऱ्याला अरेतुरे करताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

विजयमाला तासगावच्या रस्त्याला लागली. मागून लालासाहेब येत होता, अनवाणी, पट्ट्याविना, दोन्ही हात रक्तानं भरलेले. बागेत काम करणाऱ्या बाया कात्र्या थांबवून बघायला लागल्या. तो मात्र कुणाकडं बघत नव्हता. त्याची नजर घागरीवर होती.

"हळू चाल," तो म्हणत होता, अगदी हलक्या आवाजात. "पाणी हिंदकळतंय."

ती तिच्या चालीनंच चालली.