टबातला बर्फ

बाबलीच्या थापा मालवणच्या बंदरावर मासळीच्या आधी खपायच्या. एकदा म्हणे एका माकुलाने, म्हणजे स्क्विडने, आपले दहाही हात त्याच्या होडीला घातले आणि ती वेंगुर्ल्यापर्यंत ओढत नेली, वर वाटेत होकायंत्रही बघितलं. असा हा माणूस २००४ साली एका खऱ्या गोष्टीपायी भरल्या ताटावरून उठला.

त्याच्या पडवीत पुण्याहून संशोधनाला आलेली जान्हवी राहत होती. माकुलाच्या मांसात ती खुणेच्या द्रव्याचा थेंब टोचायची. नसांची टोकं तो थेंब पितात आणि धाग्याधाग्यातून ओढत पार वरच्या पेशीपर्यंत नेतात, असा तिचा अंदाज होता. तिचे सर म्हणत, ह्या नसा तो घेणारच नाहीत. बाबलीला मात्र ते ऐकताक्षणी पटलं. ही तर रापणच. जाळ्याचं टोक दर्यात आणि ओढणारे किनाऱ्यावर. जान्हवी हसली आणि म्हणाली, ओढणारे तेवढे जिवंत पाहिजेत.

आधीची माकुलं टबातच मेली. मग एक दणकट मिळालं. थेंब टोचून जान्हवी कुडाळला निघाली, तेव्हा बाबलीने शब्द दिला, की संध्याकाळपर्यंत टबाजवळून हलणार नाही, समुद्राचं पाणी बदलत राहीन.

दुपारी शेजारच्या धोंडूची नवी होडी पाण्यात उतरली. त्यानिमित्त त्याच्याकडे जेवण होतं. बाबलीचा पाय ठरेना. उन्हात माकूल मरायला नको म्हणून त्याने मासळीला जन्मभर केलं तेच केलं. बायकोच्या, सुगंधाच्या, मासळीच्या पेटीतला बर्फ फोडून टबात ओतला आणि गेला. जान्हवी यायच्या आत परतून उरलेले खडे वेचले, पाणीही बदललं. माकूल जिवंत होतं, जरा गुंगल्यासारखं. विचारल्यावर तो म्हणाला, जागचो हललंय नाय.

दुसऱ्या दिवशी जान्हवीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. तपकिरी खूण टोचल्या जागीच बसली होती. सर खरे, मी वेडी, एवढंच बोलून तिने बॅग भरायला घेतली.

सुगंधाने जेवताना नवऱ्याला नुसतं विचारलं, "पेटयेतलो बर्फ खंय गेलो?"

बाबलीने बांगड्याच्या तिखल्याचं भरलं ताट बाजूला सारलं. हात धुऊन तो पडवीत गेला.

"बाय, मी टबात बर्फ घातलंय. धोंड्याकडे जेवूक गेलंय."

जान्हवीने वर बघितलंसुद्धा नाही. "काका, माझं मन राखायला थापा मारू नका."

आता सांगायचं कसं? उभ्या जन्मात त्याची थाप कोणी नाकारली नव्हती, आणि आज खरं कोणी घेत नव्हतं. शेवटी सुगंधाच रिकामी पेटी घेऊन आली आणि जान्हवीपुढे ठेवून निघून गेली.

जान्हवीने भरायला घेतलेली बॅग बाजूला ठेवली. थंडीत नसेतली ओढ थांबते, हे तिला ठाऊक होतं. तिने बाबलीला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, की मी उद्या गेले असते, काका, आणि सगळ्यांना सांगत सुटले असते की नसा घेत नाहीत.

पहाटे बाबली होडी घेऊन गेला आणि दोन माकुलं घेऊन आला. ह्या वेळी टबाजवळ जान्हवी स्वतः बसली. त्याला तिने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो उंबऱ्यावर टेकला. धोंडूची हाक आली तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर खूण वर पोचली होती. नसांच्या गाठीत, पेशीपेशीत, तपकिरी दाणे. तिने त्याला भिंगातून दाखवले. त्याने डोळा लावला आणि लगेच काढला.

ओढ थंडीनेच थांबली होती का, हे पडताळायला दुसरं माकूल तिने मुद्दाम गारव्यात ठेवायचं ठरवलं. टोचून झाल्यावर तिने बर्फाची पेटी त्याच्याकडे सरकवली.

"घाला, काका. ह्या वेळी मीच सांगतेय."

बाबलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू घाल, बाय. माजो हात नको."