बोटाखालची ओळ

मुक्ताबाई वाचायला बसली की तिच्या वाटणीच्या विड्या अकबरी वळायची, असं दोघी शेजारणींचं ठरलेलं होतं. मुक्ताबाई साक्षरता वर्गात गेली तेव्हाच तिचे केस पांढरे झाले होते. तिथं ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला शिकवलं, ती सवय काही सुटली नाही. वाचनालयात तसं वाचलं की माणसं माना वळवून बघत. म्हणून पुस्तक घरी यायचं आणि अकबरी ओट्यावर विडीची पानं कातरत ऐकायची.

पण अलीकडं पुस्तकंच धड निघेनात. आधी इतिहासाचं आणलं. त्यात किल्ल्याला वेढा पडला.

"आतल्या लोकांनी खाल्लं काय गं?" अकबरीनं विचारलं.

"लिवलं न्हाय."

"पानी?"

"ते बी न्हाय."

"मग लिवलंय काय त्यानं?"

"तोफा किती हुत्या ते."

एवढं जाडजूड पुस्तक लिहिणाऱ्याला एवढं सुचू नये? मुक्ताबाईनं मागची पानं चाळली, पुढची चाळली. कुठंच काही नव्हतं.

"पुन्ना असलं आणलंस तर तुझ्या विड्या तूच वळ," अकबरीनं बजावलं. "मला माझ्याच लई हायत."

म्हणून मग प्रवासाचं आणलं. लेखक गाडी घेऊन दक्षिणेला निघालेला. गावोगावी तो काय जेवला आणि गादी कशी होती, एवढंच. अकबरीला जांभयांवर जांभया येत होत्या, तेवढ्यात सोलापूर आलं. ती सावरून बसली.

"आपलं गाव! वाच, वाच."

मुक्ताबाईनं ओळ आधी ओठांतल्या ओठांत वाचली. 'सोलापुरात पाहण्यासारखे काही नाही. पेट्रोल भरून पुढे निघालो.' तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे वाचलं तर उद्यापासून वाचन बंद. तिनं घसा खाकरला.

"सोलापुरात आम्ही एका गल्लीत थांबलो. दोघी बाया विड्या वळत होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला."

"कसला?"

"आलं घातलेला."

अकबरीनं हातातली विडी सुपात ठेवली. "मुक्ता, चहा पिऊन झाला तरी बोट जागेवरच हाय की तुझं. खरं वाच."

मुक्ताबाईनं खरं वाचलं.

"पेट्रोल बरं चाललं त्याला आपल्या गावचं!" म्हणत अकबरीनं मुक्ताबाईचं सूप तिच्यापुढं ढकललं.

मुक्ताबाईनं पुस्तक मिटलं, कात्री घेतली. विडीची पानं वेडीवाकडी कातरली जात होती. जरा थांबला असतास, तर काय बिघडलं असतं रे तुझं? तिचं मनातल्या मनात लेखकाशी भांडण चाललं होतं.

अकबरीच्या चार-पाच विड्या वळून झाल्या.

"मग पुढं कुटं गेला त्यो?" अकबरीनं मान वर न करता विचारलं.

"विजापूरला."

"माझं माहेर हाय ते." अकबरीनं सूप पुन्हा आपल्याकडं ओढलं. "वाच. पर बोट फिरवत."

मुक्ताबाईनं पान उघडून बोट टेकवलं. पहिलीच ओळ गादीची होती. तिनं दात आवळून ती जशीच्या तशी वाचली.