अर्धी हाक

गोजरा जाऊन चार महिने झाले, तेव्हा गोटीरामच्या ध्यानात आलं की तिची हाक आपल्याला आठवत नाही. चेहरा आठवत होता. कपाळावरचं गोंदण आठवत होतं. हाक मात्र कानातून निघून गेली होती.

हाक म्हणजे नावाने मारलेली नव्हे. नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडातून काढलं नाही. गोटीराम शिरवण्याच्या खाडीकडे मिठागरात कामाला असायचा. जेवणवेळ झाली की ती बांधावर येऊन तोंडाशी हात धरायची आणि एक आवाज काढायची. दोन लांब सूर, दुसरा वर चढता चढता मध्येच तुटलेला. गोटीराम हातातलं काम टाकून निघायचा. तो नजरेला पडेपर्यंत ती हाका मारतच राहायची. एवढी कसली घाई, असं त्याने एकदा विचारलं तर हसून म्हणाली, "आमच्या कर्नाल्याचं पाखरू हाय ते. त्याला कोन गप करनार?"

तिचं माहेर कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याचं. एकदा तुम्हाला वर नेते, असं ती दरवर्षी म्हणायची. ते राहूनच गेलं. पुढे मिठागरावर नव्या शहराचा भराव पडला आणि गोटीराम एका कारखान्याच्या फाटकावर बसू लागला. हल्ली तिथे बसून तो रोज ती हाक तोंडाने काढून बघायचा. जमायची नाही. मग त्याने ठरवलं, जिच्या तोंडची ऐकायची ती तर गेली, आता त्या पाखराचीच ऐकावी. मार्गशीर्षातल्या एका दिवशी त्याने रजा टाकली, पनवेलहून पेणची एसटी धरली आणि किल्ल्याखालच्या पक्ष्यांच्या अभयारण्यापाशी उतरला.

फाटकावर श्यामसुंदर नावाचा वनरक्षक होता. त्याने कौतुकाने एकेका पाखराचं नाव सांगितलं. गोटीरामने भीतभीत तो आवाज काढून दाखवला. श्यामसुंदरने मान तिरकी करून ऐकला. "मामा, हे पाखरू आमच्याकडे नाय," तो म्हणाला. "घाटात अडकलेली एसटी असा आवाज करते." मग गोटीरामचं तोंड बघून तो वरमला आणि म्हणाला की वाटेवर पुतळाबाई काकड्या विकायला बसते, तिला विचारा, तिचा जन्म या जंगलात गेलाय.

पुतळाबाई सागाच्या सावलीत टोपली घेऊन बसली होती. शिरवण्याहून आलो म्हटल्यावर तिने वर पाहिलं. गोजराचा नवरा हे कळल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि एक काकडी चिरून त्याच्या हातावर ठेवली. दोघी एका वयाच्या, एकत्र वाढलेल्या. गोटीरामने कशासाठी आलो ते सांगितलं आणि पुन्हा एकदा तो आवाज काढला. पुतळाबाई हसायला लागली. मग ती उभी राहिली आणि तिने तोंडाशी हात धरला.

दोन लांब सूर. दुसरा मध्येच तुटलेला.

गोटीरामच्या हातातली काकडी तशीच राहिली. क्षणभर समोर बांध होता, पांढरे ढीग होते, आणि लुगड्याचा काठ वाऱ्यावर हलत होता.

"हेच ते पाखरू," तो म्हणाला.

"कसलं पाखरू, भावजी? हे तर आमचं पोरींचं. लाकूडफाट्याला जायचो ना वर, झाडीत कोन कुठं हाय ते दिसायचं नाय. म्हनून एकीनं अर्धी हाक मारायची, दुसरीनं उरलेली अर्धी म्हनायची. म्हंजे ती हाय, बरी हाय. अर्धी आली नाय तर हाका मारत सुटायचं, शोधत जायचं."

गोटीराम हळूच म्हणाला, "मी कधीच दिली नाय अर्धी. मला ठाऊकच नव्हतं."

"किती वरसं?"

"तीस."

"आनि ती?"

"मी दिसेपर्यंत हाका मारायची."

पुतळाबाई म्हणाली, "मुलखाची गुनाची होती म्हनून. मी असते तर दुसऱ्या दिवशी जेवायलाच बोलावलं नसतं." मग तिने उरलेली अर्धी त्याला शिकवली. एकच सूर, तुटला तिथून उचलून खाली आणून ठेवायचा. वर जाऊन या म्हणाली, शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी खालून हाक देईन, तुम्ही उत्तर द्या.

गोटीराम चढू लागला. जंगलात ऊन पानांतून गाळून येत होतं, पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. पडक्या दरवाज्यातून तो आत गेला. कातळात खोदलेल्या टाक्यांत हिरवं पाणी निजलं होतं. वर अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या कडेला मधाची पोळी लटकलेली, आणि सगळा किल्ला मधमाश्यांच्या आवाजात गुणगुणत होता. पश्चिमेला दूर खाडी चमकत होती. आपलं मिठागर तिथेच कुठेतरी असेल असं त्याने धरून घेतलं आणि टाक्याच्या काठावर बसला. गोजरा शेजारी बसल्यासारखं वाटत होतं. मान वळवून बघावं असं मात्र त्याला वाटलं नाही.

मग खालून हाक आली.

झाडीतून वर येता येता पुतळाबाईचा आवाज पुतळाबाईचा राहिला नव्हता. गोटीरामला उत्तर पाठ होतं. पण त्याने दिलं नाही. दिलं की हाक थांबणार.

दुसरी आली. त्याने डोळे मिटले. तिसरी आली, चौथी आली. पाचवी जरा जवळून आली, आणि तिच्यात धाप होती. खाली एक म्हातारी टोपली टाकून चढावर शोधायला निघाली होती.

गोटीराम उठला. तोंडाशी हात धरला, आणि जिथे तुटलं होतं तिथून उचलून सूर खाली आणून ठेवला.

खालची हाक थांबली. तो टाक्याजवळ थोडा वेळ उभा राहिला, आणि मग शांतपणे उतरायला लागला.