टेकडीवरच्या टोप्या

त्यांना टोप्या हे नाव सासऱ्यांनी हिणवायला ठेवलं, पण ते असं चिकटलं की धाकट्या सुनेच्या तोंडीही तेच बसलं. वाकवलेल्या नळ्यांची कमान, तिच्यावर ताणून बसवलेली जाड ताडपत्री, पुढे गुडघाभर उंचीची फळी आणि चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकण्यासाठी कड्या. एक मेंढी आणि तिची कोकरं मावतील एवढंच ते घर, दोघींनी दोन बाजूंनी उचललं की कुठेही नेता येईल असं. धाकटीचं माहेर लोखंडी गेटं बनवणाऱ्यांचं. सगळ्या नळ्या तिने स्वतः वाकवल्या होत्या आणि त्यापायी काळं पडलेलं अंगठ्याचं नख अजून तसंच होतं.

"सूनबाई मेंढ्यांना टोप्या घालतेय की मला, तेवढं कुणीतरी सांगा," आबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

त्यांचा राग समजण्यासारखा होता. टेकडीच्या पायथ्याचा मेंढ्यांचा गोठा त्यांनी उमेदीच्या काळात आपल्या हातांनी बांधला होता. त्याचं दार म्हणजे तर त्यांचं तिसरं लेकरूच. जाड लाकडाचं, भक्कम, सगळ्या अंगाचा जोर लावल्याशिवाय न हलणारं. बिजागऱ्यांना तेल घालायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मेंढ्या वर्षानुवर्षं त्या दाराआडच व्याल्या. पण गेल्या हंगामात त्या ओलसर, दाटीच्या जागेत रोग शिरला आणि एका कोकराचं दुसऱ्याला लागत गेलं. सकाळी मेलेली कोकरं टोपलीत भरून बाहेर नेण्याचं काम दोघी जावांवर आलं. थोरलीने अंथरूण धरलं. धाकटीने शेवटपर्यंत केलं, आणि शेवटची टोपली रिकामी करून परतली ती थेट आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"पुढच्या खेपेला एकही मेंढी गोठ्यात व्यायची नाही," ती म्हणाली. "मोकळ्या टेकडीवर व्यायला देऊ. वारा-पाऊस आला तर आडोसा तिच्यापाशी न्यायचा."

घरात बरेच दिवस धुसफूस चालली. दोघे भाऊ नेहमीप्रमाणे कुंपणावर बसले. शेवटी आबांनीच तुकडा पाडला. "कर तुला काय करायचं ते. पण एक जरी कोकरू गारठून मेलं, तर त्याच दिवशी सगळा कळप खाली गोठ्यात. मग माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही."

"कबूल," धाकटी म्हणाली. 

हंगाम सुरू झाला आणि बरा चालला होता. मग ती दुपार आली. जेवणं उरकतात न उरकतात तोच डोंगराकडून काळं आभाळ खाली उतरलं आणि वाऱ्याला धार आली. दोघे भाऊ दूरच्या कुरणात गवताच्या गंजी झाकायला गेलेले. टेकडीवर दोघी जावा, व्यालेल्या आणि व्यायला टेकलेल्या मेंढ्या, आणि धाकटीच्या टोप्या.

या कामाचा एक नियम होता. मेंढी जिथे व्याली ती जागा तिची. तिथल्या ओल्या मातीचा वास तिला धरून ठेवतो आणि पहिले काही तास ती तिथून हलत नाही. कोकरू उचलून चालायला लागलात तर ती मागे येईलच असं नाही, ती परत त्याच जागी जाऊन हाका मारत राहते. म्हणून कोकराला हात लावायचा नाही, टोपी मेंढीपाशी न्यायची. हे धाकटीचं. दुसरा नियम थोरलीचा, गोठ्यातल्या दिवसांपासूनचा: आधी शेपटी बघायची, मग कोकरू. शेपटीखाली रक्त असेल, व्याल्यावर पडणारी वार लोंबत असेल, तर ती खरी आई. नाहीतर आळ कुणावर आणि बाळ कुणाचं, असा घोळ व्हायला वेळ लागत नाही.

दोघी धावत होत्या. एक टोपी इथे, एक तिथे, पाठ वाऱ्याला, तोंड उताराला. खुंट्या ठोकून ठोकून हात बधिर झाले. बर्फाळ पावसाची पहिली सर आली तेव्हा एकच टोपी उरली होती, आणि झुडपांच्या कडेला मावशी एका ओल्या कोकराला चाटत उभी होती. मावशी म्हणजे कळपातली एक पोक्त मेंढी. जिथे कुणी व्याली तिथे ही नाक खुपसायला हजर, म्हणून तिचं नाव मावशी.

"हिच्यावर घाल आणि सुटलो एकदाच्या!" थोरली ओरडली. त्यांनी टोपी घातली, खुंट्या ठोकल्या, फळी लावली. थोरली पदराने तोंड पुसत दगडावर बसली.

धाकटी सगळ्या खुंट्या तपासत एक फेरी मारून आली. शेवटी मावशीच्या टोपीत डोकावली आणि तिथेच थबकली. कोकरू कासेशी धडपडत होतं, पण मावशीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती पायाने जमीन उकरत होती, गोल फिरत होती, मान वर करून ओठ मुडपत होती. धाकटीने फळीवरून हात घालून तिची शेपटी उचलली. शेपटी स्वच्छ होती. रक्ताचा टिपूस नाही, वार नाही.

मावशी अजून व्यालीच नव्हती. तिला आता कुठे कळा सुरू होत होत्या. कोकरू चोरीचं होतं, आणि धाकटीने चोराला मुद्देमालासकट घरात घालून वर फळी लावली होती.

"ताई!"

थोरली आली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेपटी बघितली होतीस?"

"नाही."

"नाही?"

"घाईत राहिलं."

"तुला इथे आल्या वर्षी सगळ्यात आधी काय शिकवलं होतं मी?" थोरलीने तोंड उघडलं होतं ते बरंच काही बोलायला, पण धाकटीचा चेहरा बघून तिने आवरतं घेतलं. "हे बघ, कोकरू उबेत आहे ना? आत एक मेंढी आहे ना? मग झालं. कुणाला कळणार आहे?"

धाकटीला तो मोह झाला, हे खोटं कशाला सांगा. क्षणभर तिला वाटलं, खरंच, कोण येतंय बघायला. पण मावशीचं स्वतःचं आलं की ती याला लाथाडणार. आणि याची आई कुठे होती?

ती टेकडीच्या माथ्याकडे धावली. माथ्यावर झाड नाही, झुडूप नाही, वारा तिथे मोकाट सुटलेला. आणि तिथेच बुजरी उभी होती. पहिल्या वेताची तरणी मेंढी, माणसाची सावली दिसली तरी पळणारी. आता मात्र पळत नव्हती. मातीच्या एका ओल्या डागावर पाय रोवून उभी होती आणि तिच्या पायाशी आणखी एक कोकरू पडलं होतं. जुळं झालं होतं तिला. पहिलं मावशीने पळवलं, तोवर हे दुसरं आलं, आणि भांबावलेल्या बुजरीने ते अर्धंमुर्धं चाटून सोडलं होतं.

धाकटीने त्याच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार पडत चाललं होतं. तोंड पुरतं गार पडलं की कोकरू गेलं, हे ती गेल्या वर्षी टोपल्या उचलताना शिकली होती.

थोरली धापा टाकत मागून पोचली. "उचल दोघांना आणि चल गोठ्यात. अट गेली खड्ड्यात. जीव तर वाचेल!"

"कसा वाचेल? ही इथून हलणार नाही. दूध कोण पाजणार? आणि त्या जमिनीत अजून गेल्या वर्षीचा रोग आहे, ताई. तुम्ही विसरलात?"

थोरली विसरली नव्हती. 

"मावशीची टोपी इकडे आणू," धाकटी म्हणाली.

"आणि मावशी? ती काय भर पावसात व्यायची?"

"आधी ही. चला."

चोरीचं कोकरू धाकटीने स्वेटरच्या आत घातलं. स्वतःचाच नियम मोडून ती कोकरू उचलून निघाली होती. टोपी उचलताच वारा खालून घुसला, ताडपत्री फुगली आणि धाकटीचे पाय जमिनीवरून सुटले. "सोडू नका!" ती किंचाळली. थोरलीने सोडली नाही, तर सरळ टोपीवर अंग टाकलं. थोरलीच्या वजनावरून घरात सगळे तिला चिडवत. त्या दिवशी ते वजन नसतं तर टोपी थेट नदीपार गेली असती. ओढत, फरफटवत, दोनदा पडून त्यांनी ती माथ्यावर नेली आणि बुजरीच्या ओल्या डागावर मांडली. बुजरी बिचकून लांब पळाली, दोन घिरट्या घातल्या आणि आपल्या जागेच्या ओढीने मुकाट आत शिरली. फळी लागली.

"आता घरी जा," धाकटी म्हणाली. "मावशीला आडोसा हवा. फळी, खाट, पत्रा, मिळेल ते आणा. आबांना सांगा."

"काय सांगू?"

"जे झालं ते. शेपटी न बघता मी मावशीवर टोपी घातली म्हणून सांगा."

धाकटीची अशी एखादी चूक हाताला लागावी म्हणून थोरलीने आजवर काय नवस बोलले नसतील! आता ती आयती हातात आली होती, तर तिचा चेहरा रडवेला झाला. ती उतारावरून धावत सुटली.

धाकटी फळीवरून अर्धी आत सरकली आणि पाठीने वारा अडवून पडून राहिली. पहिलं कोकरू तिने ओल्या मातीत घोळवलं, त्याच्या जुळ्या भावाच्या अंगावर घासलं आणि बुजरीपुढे ठेवलं. बुजरीने हुंगलं आणि डोक्याने धडक देऊन उडवलं. मावशीच्या जिभेचा वास होता त्याला. धाकटीने पुन्हा ठेवलं. पुन्हा धडक. "अगं, तुझंच आहे गं बाई," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. तिने हात लांबवून बुजरीच्या सडातून चीक पिळला आणि कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळला. उरलेला थेंब थेंब दुसऱ्याच्या तोंडात सोडला. ते गिळत नव्हतं. तिने त्याचा गळा चोळला, छाती चोळली, पुन्हा थेंब सोडला. तेव्हा कुठे घशात काहीतरी हललं.

बुजरीने पहिल्याची शेपटी पुन्हा हुंगली. या वेळी धडक आली नाही. तिच्या घशातून एक खोल घरघर निघाली, मेंढी फक्त आपल्या ताज्या कोकरापाशी काढते तसली, आणि ती चाटू लागली.

तेवढ्यात खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे ट्रॉली जोडलेली होती.  ट्रॉली म्हणजे मेंढ्या भरून न्यायला. आबांनी वाट बघायचीही तसदी घेतली नव्हती. दुसरं कोकरू मरेल की जगेल, काही ठरायच्या आतच सगळं संपलं होतं.

ट्रॅक्टर झुडपांपाशी थांबला. ट्रॉलीत काहीतरी रुंद, जड आडवं पडलं होतं आणि त्याच्यावर थोरली फतकल मारून बसली होती. तिने आणि आबांनी मिळून ते खाली सरकवलं आणि ट्रॉलीच्या कडेला टेकवून तिरपं उभं केलं. त्याच्या आड मावशी जमिनीवर लोळून कळा देत होती. ते काय आहे हे धाकटीला पावसातून नीट दिसेना.

आबा चढ चढून आले. कपाळावर खरचटलेलं, हात काळे. ते गुडघ्यांवर बसले, टोपीत वाकले आणि दुसऱ्या कोकराच्या तोंडात बोट घालून थांबले. बराच वेळ थांबले.

"ऊब येतेय," ते म्हणाले. "चीक पाजलास?"

"हो."

"अजून पाज."

"आबा, चूक माझी होती. मी शेपटी—"

"थोरलीने सांगितलं. मी विचारलं, मेलं का? ती म्हणाली, अजून नाही." ते कण्हत उठले. "ती खाट घेऊन निघाली होती. खाट या वाऱ्यात टिकते होय? वजनदार काहीतरी हवं होतं."

धाकटीने पुन्हा खाली बघितलं. ट्रॉलीला टेकलेलं ते जाड, भक्कम लाकूड तिने आता ओळखलं.

"ते गोठ्याचं दार आहे," ती म्हणाली.

"बिजागऱ्या निघेनात. इतकी वर्षं तेल पाजलं, पण काल बसवल्यासारख्या घट्ट. शेवटी पहारीने फोडल्या." आबांनी काळे हात पँटला पुसले. "लाकूडही चिरलं. आता ते परत बसायचं नाही."

"मग गोठा?"

"गोठा काय गोठा? दार नसलेल्या गोठ्यात कळप कोण घालतं?" ते खेकसले आणि उतार उतरू लागले. चार पावलांवर वळून म्हणाले, "वारा फिरतोय. या टोपीचं तोंड जरा डावीकडे घे."

धाकटीने डोळे पुसले आणि खुंट्या सैल करायला घेतल्या.